वरचे दात

आईनं माझी हनुवटी धरली, तोंड दाराच्या उजेडाकडं वळवलं आणि खालचा ओठ अंगठ्यानं उलटा करून बघितला. आतून ओठ सोललेला होता. एका ठिकाणी दातांची खूण उमटून रक्त साकळलं होतं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा दाराबाहेर बघितलं, दार लोटून घेतलं आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "मालन, खरं सांग. कोण हाय त्यो?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा खरं तर हसू यायला पाहिजे होतं, पण मला घाम फुटला. कारण जे खरं होतं ते सांगण्यापेक्षा एखाद्या पोराचं नाव सांगणं सोपं होतं. निदान आमच्या घरात तरी.

"कुणी न्हाई गं," मी म्हटलं. "दात लावून वाजवतीया मी."

आई खाटेवर बसली. तिच्या जिवाला आधी बरं वाटलं, ते मला स्पष्ट दिसलं, आणि लगेच चेहरा पुन्हा उतरला. म्हणाली, "त्यापरास कुणी असता तरी बरं झालं असतं. तुझ्या बापाला सांगता तरी आलं असतं."

आता हे तुम्हाला कळायचं तर आमचं घर सांगायला हवं. आम्ही गुरव. वारणेकाठच्या गावात भैरोबाची पूजा आमच्याकडं आणि देवापुढची सनईही आमच्याकडं. माझे वडील तातोबा गुरव, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, पहाटे देवळात सनई वाजवायचे आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट. त्यांना मुलगा नव्हता. मी लहानपणापासून त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून ऐकत बसायची, तेव्हा त्यांनी मलाच शिकवलं. मुलीनं देवळात वाजवायचं नाही, वरातीत तर नाहीच नाही, पण घराच्या परड्यात बसून वाजवायला कुणाच्या बापाची बंदी नव्हती. आणि माझ्या बापाची तर मुळीच नव्हती. लोक म्हणायचे, तातोबानं पोरीला वाया घालवली. अण्णा म्हणायचे, सूर पोरीच्या तोंडात पडला तर काय मी बाहेर काढून ठेवू?

पण त्यांचा एक नियम होता. नळीला दात लावायचा नाही. सनई वाजवताना दोन्ही ओठ आत दुमडून पत्ती ओठांतच धरतात, दाताचा संबंध येत नाही. अण्णा क्लॅरिनेटही तशीच वाजवायचे, वरचा ओठ वर, खालचा ओठ खाली, मध्ये माउथपीस, म्हणजे नळीचं तोंडात धरायचं टोक, आणि गाल टम्म फुगवलेले. दात लागला की वस्तू उष्टी झाली आणि उष्टं देवापुढं चालत नाही, असं ते सांगायचे. क्लॅरिनेट काही देवापुढं वाजत नव्हती, पण ती सनईशेजारी एकाच कोनाड्यात असायची. त्यामुळं एकीला जो नियम तोच दुसरीला. मी सात वर्षांची असताना एकदा खेळता खेळता माउथपीस चावला, तर अण्णांनी थोबाडीत दिली. त्यांनी जन्मात माझ्यावर उचललेला तो एकच हात. मग त्यांनी माउथपीस गोमूत्रानं धुतला आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मार विसरले मी, पण ते न बोलणं काही विसरले नाही.

तर अशा घरातली मी, आणि पोलीस बँडात पहिल्यांदाच मुली घेणार असं यशवंतमामांनी येऊन सांगितलं. मामाच मला जिल्ह्याच्या गावी घेऊन गेले. अण्णा आले नाहीत. त्या गावात माझं काय काम, म्हणाले. मला थोडं लागलं ते, पण पाव्हण्यांच्या लग्नाची सुपारी होती, म्हणून मी मनाला समजावलं.

धावणं झालं, उंची झाली, मग बँडच्या हॉलमध्ये वाजवायला बसवलं. बँडमास्तर शेडबाळे साहेब म्हणून होते. बारीक, शांत माणूस, बोलताना चष्मा काढून पुसायची सवय. मी वाजवायला लागले तसे ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि माझ्या छातीत असं काही भरून आलं की वाटलं, झालं, जिंकले मी. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडं बघितलं.

"बोटं चांगली आहेत," ते म्हणाले. "सूर तर फारच गोड आहे. पण हे तोंड चालणार नाही."

त्यांनी समजावून सांगितलं. वरातीत माणूस रांगत चालतो, दोन पावलं चालतो आणि थांबतो. इथं कवायतीला धाडधाड पाय आपटत वाजवायचं. पाय आपटला की नुसत्या ओठांत धरलेली नळी हलते आणि सूर हिंदकळतो. वरचे दात माउथपीसवर टेकवले की नळी डोक्याला पक्की बसते. खालचा ओठ खालच्या दातांवर, ओठांचे कोपरे आवळलेले, हनुवटी ताठ, गाल आत. त्यांनी स्वतः लावून दाखवलं. दिसायला किती सोपं.

मग मी लावून बघितलं. म्हणजे दात टेकवले आणि अंगावर काटा आला. डोळ्यांपुढं अण्णा उभे. जबडा आपोआप आवळला आणि क्लॅरिनेट अशी चिरकली की बाहेर कुणीतरी खो खो हसलं.

"चावू नकोस," साहेब म्हणाले. "रीडचा, म्हणजे पत्तीचा, गळा दाबला की ती ओरडते. जी पोरगी घाबरते ती चावते. एक महिन्यानं शेवटची चाचणी आहे, तोवर हे तोंड बसवून ये. बसलं तर तुला घेणार. नाही बसलं तर माझा नाइलाज आहे."

आणि नाही बसलं तर माझं काय होणार, तेही ठरलेलं होतं. मला एक स्थळ आलं होतं. माणसं चांगली, घर भरलेलं, मुलगा निर्व्यसनी. त्यांची एकच अट होती, लग्नानंतर वाजवणं बंद. होणाऱ्या सासूबाई आईला म्हणाल्या होत्या की सून गाल फुगवून बसलेली आमच्यात शोभायची नाही. अण्णांनी त्यांना शब्द दिला होता की पोरीची नोकरी झाली तर झाली, नाहीतर दिवाळीनंतर बार उडवू. म्हणजे दात नाही लागले तर क्लॅरिनेट सुटणार, कायमची सुटणार. आणि दात लावले तर अण्णा सुटणार. बावीस वर्षांची होते मी. कुठल्याही बाजूनं विचार केला तरी काहीतरी सुटणारच होतं.

घरी येऊन मी निम्मंच सांगितलं. सूर आवडला, महिन्यानं परत बोलावलंय. अण्णांनी विचारलं, "आणि काय म्हणालं?" मी म्हटलं, आणि काही नाही. त्यांनी टोपी घातली. मग उठून देवळात गेले.

घरात क्लॅरिनेट एकच, अण्णांची. ते दुपारी जेवून पडले की मी ती घेऊन परड्याच्या टोकाला, कडब्याच्या गंजीमागं जायची. कुंपणाच्या पाचरटाला छोटा आरसा अडकवायचा आणि त्यात बघत नुसता एकच सूर धरायचा. साहेबांनी तेच सांगितलं होतं, गाणं नाही, तान नाही, एक लांब सूर. सांगायला काय, आरशात एक घाबरट पोरगी दिसायची, तिची हनुवटी सुरकुतायची, गाल आपोआप फुगायचे. गाल आत घेतले की जबडा आवळायचा. जबडा सैल सोडला की वारा बाजूनं निसटायचा, फुसफुस व्हायची. आणि पहिला सूर लागला न लागला तोच चिर्र. गंजीवरच्या चिमण्या उडून जायच्या. मी हातात आलेलं ढेकूळ भिंतीवर फेकून मारायची आणि पुन्हा बसायची.

दात माउथपीसवरून घसरायचे, शिवाय त्यावर चरे पडायला लागले. अण्णांच्या नजरेला पडले असते तर संपलंच. म्हणून मी सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा नखाएवढा कापून दात टेकतात तिथं चिकटवायची आणि वाजवून झालं की सोलून काढायची. दर वेळी पुसून, वास घेऊन, पदरानं परत पुसून कोनाड्यात ठेवायची. चोरी केलेली वस्तू परत ठेवावी तशी, दाराकडं बघत बघत.

खरी गंमत संध्याकाळी. संध्याकाळी अण्णा मला समोर बसवून वाजवायला लावायचे, म्हणजे जुन्या तोंडानं. दुपारी एक तोंड, संध्याकाळी दुसरं. पंधरा दिवसांत अशी अवस्था झाली की नवं बसलं नाही आणि जुनं उठून गेलं. जे मी झोपेत वाजवलं असतं ते येईना. एके संध्याकाळी मी मधेच अडखळले तेव्हा अण्णा म्हणाले, "सूर पातळ झाला गं. बरं न्हाई का?"

मी म्हटलं, सर्दी आहे.

"सर्दी," ते म्हणाले, आणि क्लॅरिनेट माझ्या हातातून घेऊन कोनाड्यात ठेवली. त्यानंतर त्यांनी मला संध्याकाळी बसवायचं बंद केलं. तोंड आलंय, चार दिवस वाजवत नाही, असं म्हणून स्वतःही क्लॅरिनेट घेईनात. दुपारी पडायचेही बंद झाले, जेवले की पारावर पत्ते खेळायला जायचे. अण्णांनी आयुष्यात पत्ता हातात धरला नव्हता. पण मला त्यात काही वावगं दिसलं नाही, मी आपली भैरोबाला हात जोडून मोकळी. भीतीनं माणूस किती आंधळा होतो बघा.

आईला कळलं ते त्या ओठामुळं. कळल्यावर ती रडली नाही, भांडली नाही. ओठाला लावायला तूप दिलं आणि दुपारी ओसरीवर तांदूळ निवडत बसायला लागली. अण्णा लांबून दिसले तर खोकायचं असं आमचं ठरलं. ती अधूनमधून खरीच खोकायची आणि मी परड्यात अर्धमेली व्हायची. रात्री भाकरी थापताना म्हणायची, देवाचा कोप झाला तर काय करायचं गं? मी म्हणायची, कोप झाला तर तो माझ्यावर व्हायचा. ती म्हणायची, मग काय मला बरं वाटंल व्हय? मी चुलीत जाळ सारायची.

चाचणीच्या आदल्या दिवशीपर्यंत तोंड बसलं नव्हतं. खरं सांगते, दहांतला एखादा सूर सरळ जायचा, बाकीचे चिरकायचे. मी रबराचा तुकडा चिकटवूनच क्लॅरिनेट पेटीत घातली. तिथं गेल्यावर घाईगडबडीत कुठं चिकटवत बसायचं? मामा बरोबर येणार होते, त्यांना यातलं काही कळत नव्हतं. सगळं ठीक होतं. आणि पहाटे अण्णा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ओसरीवर येऊन बसले.

"यशवंताला कशाला तरास," ते म्हणाले. "मी येतो."

मी आईकडं बघितलं. आई चुलीकडं बघायला लागली. मी पेटीला हात घालणार तोवर अण्णांनी ती उचलली आणि काखेत मारली.

एसटीत ती पेटी सबंध वाट त्यांच्या मांडीवर होती. ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी पेटीच्या कडीकडं. गाडी खड्ड्यात आदळली की कडी निसटतेय असं वाटायचं. मी एकदा म्हटलं, द्या अण्णा मी धरते. ते म्हणाले, असू दे. मी म्हटलं, तुमचा पाय अवघडंल. ते म्हणाले, न्हाई अवघडत. मग मी हिशोब करत बसले, की हॉलमध्ये त्यांना आत सोडायचे नाहीत. ते बाहेर थांबतील. पण खिडक्या उघड्या असतात. खिडकीतून दिसलं नाही तरी ऐकू येईल, आणि तातोबा गुरवाला ऐकू आलं म्हणजे दिसल्यासारखंच. जुन्या तोंडानं वाजवावं का? साहेब घेणार नाहीत. नव्यानं वाजवावं का? अण्णा उठून जातील, कदाचित कायमचं बोलणं टाकतील. कंडक्टरनं माझं तोंड बघून चोखायला लिंबू दिलं.

पोलीस मुख्यालय केवढं मोठं आहे ते सांगते. मागच्या खेपेला मामा आणि मी तिथं तीनदा चुकलो होतो. अण्णा फाटकातून आत शिरले, मैदानाच्या कडेनं गेले, शस्त्रागाराच्या मागून वळले आणि चिंचेखालून थेट बँडच्या हॉलपाशी जाऊन उभे राहिले. मी मागून जवळजवळ पळत होते.

"तुमाला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"इचारलं की सापडतं," ते म्हणाले. त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. पण तेव्हा माझं डोकं ठिकाणावर कुठं होतं?

व्हरांड्यात लांब बाक होता. चार मुली आधीच बसलेल्या, एकीच्या हातात ढोलाच्या काठ्या, एक डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. आम्ही अगदी टोकाला बसलो. अण्णांनी पेटी मांडीवर घेतली आणि कडी काढली. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. म्हटलं, मी लावते जोडून. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. त्यांनी रीड काढून जिभेवर ओली करायला ठेवली, मग माउथपीस उचलला आणि त्यांचा अंगठा बरोबर रबरावर गेला.

अंगठा तिथंच थांबला. त्यांनी माउथपीस उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. वाटलं, आता उठतील, आता सगळ्यांदेखत देतील एक ठेवून. देऊ देत, पण त्यांनी बोलणं टाकू नये.

त्यांनी तोंडातली रीड काढली. "धरत्यात नव्हं दात यावर नीट?" त्यांनी विचारलं. "सुटणार न्हाई ना हे मधीच?"

मी बाकाची कड सोडली.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "पहिल्याच दिशी कळलं. मी काय झोपलो हुतो व्हय? तोंड बदललं की सूर बदलतो, एवढं तर कळतंय मला. तू सर्दी म्हणालीस, मग पारावर जाऊन बसायला लागलो. म्हटलं, पोरगीला मोकळं वाजवू दे."

"अण्णा, मी..."

"थांब. माझं ऐक. आत गेलीस की दात लाव. वरचे दात बिनघोर लाव. देवाचं त्यात काय बी न्हाई. त्यो नेम देवाचा नव्हता, माझा हुता."

आतून कुणाची तरी ट्रम्पेट वाजायला लागली. अण्णा माउथपीसकडं बघत बोलत राहिले, माझ्याकडं नाही.

"तू व्हायच्या आधीची गोष्ट. लगीन बी झालं नव्हतं. हितंच आलो हुतो मी, या बाकावर बसलो हुतो. तवाच्या मास्तरानं बी हेच सांगितलं, दात लाव. मी लावलं आन् अशी चिरकली म्हणतीस, या व्हरांड्यातली सगळी पोरं हसली. मास्तर चांगला हुता. म्हैन्यानं शिकून ये म्हणाला. मी काय आलो न्हाई."

"का?"

"लाज वाटली. सनईवाल्याचा पोरगा, गावात माझ्या सुराचं नाव, आन् मला चिरकाय लावलं. घरी गेलो आन् आबास्नी, तुझ्या आज्यास्नी, सांगितलं, तिथं नळी उष्टी करायला लावत्यात, आपण देवाची माणसं, आपल्याला चालायचं न्हाई. आबा म्हणालं, असं कुठं असतंय व्हय रं? पर म्होरं काय बोललं न्हाईत. कळलं असंल त्यास्नी." त्यांनी रीड माउथपीसवर बसवली आणि पट्टी आवळली. "मग जो भेटंल त्याला त्येच सांगत गेलो. सांगून सांगून माझं मलाच खरं वाटाय लागलं. तुला मारलं ते बी त्यातच. सात वर्साची हुतीस. तुझं काय बी चुकलं नव्हतं."

मी माझ्या बापाला रडताना कधी बघितलं नव्हतं, आणि तेव्हाही ते रडले नाहीत. पण मला रडू आलं. ते म्हणाले, "रडू नगं, नाक भरंल. वारा कसा घेशील?"

तेवढ्यात हवालदारानं दारातून नाव पुकारलं, "गुरव, मालन तातोबा." अण्णांनी क्लॅरिनेट माझ्या हातात दिली आणि मी आत गेले.

आत काय काय झालं ते मला सलग आठवत नाही. शेडबाळे साहेब खुर्चीत होते, शेजारी आणखी दोन अधिकारी. साहेब म्हणाले, जागेवर पाय आपटत वाजवायचं, आधी एक लांब सूर. मी वरचे दात रबरावर टेकवले. अंगावर काटा यायची वाट बघितली, तो आला नाही. जबडा सैल होता. महिनाभर आरशासमोर जे करता करता ढेकळं फेकली ते आपोआप होऊन बसलं होतं, कोपरे आवळलेले, हनुवटी ताठ, गाल आत. पाय आपटत राहिले आणि सूर जसा लावला तसा चालत राहिला, हलला नाही, हिंदकळला नाही. मला वाटलं, आता चिरकेल. वरच्या पट्टीत गेले, तिथं तर नक्की चिरकेल असं वाटलं. नाही चिरकला. संपलं तरी माझे पाय आपटतच होते.

साहेबांनी चष्मा पुसला. "चावणं गेलं की तुझं," ते म्हणाले. "कसं घालवलंस?"

"वडील आलेत बरोबर," मी म्हटलं.

साहेबांना त्यातलं काही कळलं नसणार, पण त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, बाहेर थांब.

दुपारपर्यंत थांबलो. आईनं दिलेली भाकरी मला गिळवेना, अण्णांनी मात्र दोघांच्या वाटची खाल्ली. साहेब स्वतः व्हरांड्यात आले आणि त्यांनी तीन मुलींची नावं घेतली. दुसरं माझं होतं. मी अण्णांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. काढला तेव्हा म्हणाले, चल, एसटी चुकंल.

पण फाटकाकडं जाता जाता ते चिंचेखाली थांबले. इकडंतिकडं बघितलं. मैदानात कवायत संपली होती, कुणी नव्हतं. म्हणाले, "ती काढ बघू जरा."

मी पेटी उघडून क्लॅरिनेट जोडून दिली. त्यांनी टोपी काढून पेटीवर ठेवली. मग खालचा ओठ आत घेतला आणि वरचे दात त्या रबरावर टेकवले, अगदी जपून, जणू रबराला दुखेल. आणि फुंकलं. चिर्र झालं. तातोबा गुरवाची क्लॅरिनेट चिरकलेली मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. त्यांनी झटकन तोंड काढलं आणि माझ्याकडं बघितलं. मी हसले नाही.

"गाल आत घ्या," मी म्हटलं. "आन् चावू नका. हनुवटी ताठ."

त्यांनी मुकाट्यानं गाल आत घेतले. पुन्हा लावलं. आधी नुसता वारा गेला, मग एक बारीक सूर लागला, थरथरला, आणि मग स्थिर झाला. त्यांनी तो दम संपेपर्यंत धरला. दम संपला तशी क्लॅरिनेट खाली घेतली आणि ओठ हातानं पुसला.

"एवढंच हुतं व्हय गं?" ते म्हणाले.

एवढंच होतं. त्यांच्या सुराला तर महिनाही लागला नसता.

"एवढंच कसं, अण्णा?" मी म्हटलं. "ही तर नुसती सुरवात. रीड बदलावी लागती, ओठाला घट्टा पडावा लागतो, वरच्या पट्टीत तर सगळं उलटंच होतं. लई जणांना जमतच न्हाई. मला तर म्हैनाभर रक्त निघालं."

अण्णांनी क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले, एकेक फडक्यानं पुसून पेटीत ठेवला, कडी लावली आणि टोपी डोक्यावर घातली.

"हां," ते म्हणाले. "मग अवघडच हाय."